आणखी दहा माणसे घेण्याआधी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) :

बेळगावच्या रविवार पेठेत आमची किराणा मालाची घाऊक पेढी आहे आणि महामार्गालगत काकतीच्या बाजूला गोदाम आहे. खानापूर, संकेश्वर, निपाणी, चिकोडीकडचे दुकानदार आमच्याकडून माल घेतात. सीमेपलीकडे चंदगड आणि गडहिंग्लजलाही आमच्या गाड्या जातात आणि चतुर्थीच्या आधी थोडा माल गोव्याला जातो. गेल्या दिवाळीत आमची फार तारांबळ उडाली. तेलाचे साठ डबे सापडेनात म्हणून आम्ही नव्याने मागवले आणि जुने डबे तुळशीच्या लग्नानंतर पोह्यांच्या थप्पीमागे निघाले. खानापूरच्या एका दुकानाचा माल चंदगडच्या गाडीत चढला. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दोन लॉऱ्या एकदम खाली करायला आल्या, त्यांचा माल वाटेतच उतरवावा लागला आणि संध्याकाळपर्यंत आमचा एकही टेम्पो भरून बाहेर पडू शकला नाही. हमालांची आणि दिवाणजींची भांडणे झाली ती वेगळीच. यंदा दहा माणसे जास्त घ्यावीत आणि संगणकप्रणाली बसवावी असे मला वाटते. वडील म्हणतात, ‘सीझनला नियम चालत नाहीत, हात चालावे लागतात.’ मी काय करावे?

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या तिन्ही घटना मी नीट वाचल्या आणि त्यांपैकी एकीचेही कारण मला माणसांच्या कमतरतेत दिसत नाही. तेलाचे डबे सापडले नाहीत, कारण ज्याने ते ठेवले त्याच्याखेरीज त्यांची जागा कोणालाच ठाऊक नव्हती आणि ऐन गर्दीत त्यालाही ती आठवली नाही. खानापूरचा माल चंदगडच्या गाडीत चढला, तो बहुधा दोन्ही गाड्यांचा माल दाराशी एकाच ढिगात पडलेला असल्यामुळे. आणि दोन लॉऱ्या एकदम आल्या, कारण त्या केव्हा यायच्या हे तुम्ही ठरवले नव्हते, लॉरीवाल्यांनी ठरवले होते. अशा गोदामात दहा नवी माणसे आणली, तर वाटेत उभे राहणारे दहाने वाढतील आणि ‘साखर कुठे आहे?’ असे विचारणारेही दहाने वाढतील. तुमचे गोदाम आज वडिलांच्या आणि मुकादमांच्या आठवणीवर चालते आहे. वर्षाचे दहा महिने ते तसे चालू शकते; सणाच्या दोन महिन्यांत मात्र माल एवढ्या वेगाने जागा बदलतो की कोणाचीही आठवण त्याला पुरी पडत नाही. म्हणून आधी मालाला कायमचा पत्ता द्या, आवक आणि जावक एकमेकींच्या वाटेतून बाजूला काढा आणि मग माणसांचा हिशेब करा. सगळी तयारी याच क्रमाने व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात दिनदर्शिकेपासून करावी लागेल, कारण यंदाचे वर्ष गेल्या वर्षासारखे नाही. या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सण उशिरा आले आहेत. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, यंदा ती १४ सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाले, यंदा ते ८ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे ‘गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रवा किती गेला’ हे पाहून यंदाच्या ऑक्टोबरची मागणी ठरवाल, तर माल अडीच आठवडे आधी येऊन गोदाम अडवून बसेल. गेल्या वर्षीची बिले तारखेप्रमाणे न लावता सणाच्या आधीचा आठवडा, त्याच्या आधीचा आठवडा अशी मागे मोजत लावा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, तूप, सुकामेवा अशा पुष्कळ वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला. तो कमी होणार हे आधीच कळल्याने अनेक दुकानदारांनी सप्टेंबरची खरेदी रोखून धरली होती आणि नंतर ती एकदम केली. म्हणून या वस्तूंपुरते गेल्या वर्षाचे आकडे जसेच्या तसे धरू नका, त्याच्या आधीच्या वर्षाचेही सोबत पाहा.

दिवाळी नोव्हेंबरात सरकल्याचा खरा फटका मात्र माणसांच्या बाजूने बसणार आहे, आणि तुमच्या दहा माणसांच्या विचाराचा संबंध इथे येतो. तुमचे हमाल उचगाव, कडोली, येळ्ळूर, खानापूर अशा भागांतले असतील, तर त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी भाताची सुगी असते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरभर कापणी आणि मळणी चालते. गेल्या वर्षी दिवाळी उरकल्यावर सुगी आली. यंदा दोन्ही एकाच पंधरवड्यात येतील. घरचे भात शेतात उभे असताना कोणीही कामावर थांबणार नाही आणि थांबावे अशी अपेक्षाही तुम्ही धरू नये. आतापासूनच मुकादमांना बसवून प्रत्येकाच्या घरी भात किती आणि कापणी साधारण केव्हा, हे विचारून घ्या, रजा आळीपाळीने द्या आणि त्या त्या दिवसांसाठी बदली माणसांची नावे लिहून ठेवा. कदाचित तुम्हाला दहा माणसे लागणारच नाहीत, चार पुरतील. पण ती चार नेमक्या कोणत्या दिवशी लागतील हे ठाऊक असले पाहिजे. त्याच सुमाराला ऊसही सुरू होतो. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गाळप सुरू झाले की लॉऱ्या आणि चालक तिकडे वळतात, आणि चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांमागून जाताना टेम्पोचा वेळ दीडपट लागतो. भाड्याच्या गाड्या दसऱ्यापूर्वीच ठरवून ठेवा. दसरा यंदा २० ऑक्टोबरला आहे.

बदली माणसांविषयी एक नियम कठोरपणे पाळा. नव्या माणसाने माल आणून द्यावा, थप्पी लावण्यात मदत करावी, पोती शिवावीत. मोजणी आणि गाडीवरची तपासणी त्याच्याकडे कधीही देऊ नये. नवखा माणूस ओझे वाहण्यात चुकला तर एक पोते फुटते, मोजणीत चुकला तर अख्खी गाडी परत येते.

आता पत्त्याविषयी. गोदामाच्या खांबांचा आधार घेऊन जमिनीवर रंगाने ओळी आखा आणि प्रत्येक ओळीला एक रंग द्या. त्या ओळीतल्या प्रत्येक खणाला आकडा द्या. खांबावर डोळ्यांच्या उंचीला त्या रंगाचा पट्टा आणि त्यावर वीतभर मोठा आकडा रंगवून घ्या. आकडे मोबाइलवर दिसतात तेच, म्हणजे इंग्रजी असावेत. तुमच्या गोदामात उचगावचा हमाल मराठी वाचतो, बैलहोंगलचा कन्नड वाचतो, एखाद्या लॉरीचा चालक उर्दूत वाढलेला असतो आणि एखाद्याला कोणतीच लिपी वाचता येत नाही. पण रंग आणि मोबाइलवरचे आकडे या सर्वांना ओळखू येतात. मग चिठ्ठीवर ‘साखर, पिवळा 3’ एवढे लिहिले की विचारत फिरण्याची गरज राहत नाही. एका खणात एकच माल, हा नियम सीझनमध्ये सर्वांत आधी मोडतो, म्हणून दोन खण मुद्दाम रिकामे ठेवा. ज्याची जागा भरली आहे असा माल तिथे उतरेल, आणि तो तिथे आहे ही नोंद दाराशी टांगलेल्या फळ्यावर खडूने लगेच होईल. तुमचे तेलाचे साठ डबे या एका फळ्याने वाचले असते.

कोणता माल कुठे ठेवायचा हे वजनावरून किंवा किमतीवरून न ठरवता, तो किती वेळा उचलला जातो त्यावरून ठरवा. गेल्या दिवाळीआधीच्या दोन आठवड्यांची बिले घेऊन प्रत्येक वस्तू किती बिलांत आली ते मोजा. रवा, मैदा, साखर, हरभरा डाळ, बेसन, पातळ पोहे, तेल आणि वनस्पती तूप याच वस्तू सर्वांत वर येतील, असा माझा अंदाज आहे. त्या जावकीच्या दाराजवळ असाव्यात आणि कंबरेच्या उंचीवरून उचलता याव्यात. वर्षभर दाराजवळ बसलेला झाडू, बादल्या, मच्छर अगरबत्ती असा माल या दोन महिन्यांसाठी मागे जाऊ द्या. खसखस, वेलदोडे, काजू, बदाम यांना जाळीची कुलूपबंद खोली करा आणि तिची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा; यात अविश्वासाचा प्रश्न नाही, ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्यावर संशय येऊ नये याचीही ती सोय आहे.

मांडणी करताना पावसाचा विसर पडू देऊ नका. आपल्याकडे चतुर्थीपर्यंत हवा ओलीच असते, भिंती पाझरतात आणि जमिनीला ओल येते. पोती थेट फरशीवर लावू नयेत; लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून माणूस चालू शकेल एवढे अंतर सोडून थप्पी असावी. ही फट माल पाहण्यासाठी आणि उंदरांचा माग काढण्यासाठीही लागते. गूळ आणि साखर ओल धरतात, तर रव्या-मैद्याला ओलीत टोके आणि अळ्या लवकर होतात. म्हणून ‘जो आधी आला तो आधी’ यापेक्षा ‘ज्याची मुदत आधी संपते तो आधी’ हा नियम धरावा. साबण, धूप, उटणे आणि अगरबत्ती यांच्या शेजारी पोहे, रवा किंवा चहा ठेवू नका. दिवाळीच्या फराळाचे पोहे उघडल्यावर त्यांना साबणाचा वास आला, तर गिऱ्हाईक दुकानदाराला बोलते, दुकानदार तुम्हाला बोलतो आणि ते पोते परत घेण्यावाचून तुमच्याकडे उपाय उरत नाही.

दोन लॉऱ्यांचा प्रश्न वेळेचा आहे. सकाळी जावक आणि दुपारनंतर आवक, अशी दिवसाची सरळ विभागणी करा. गोदामाला दोन दारे असतील तर एक आवकीला आणि एक जावकीला द्या. एकच दार असेल तर ही वेळेची विभागणी आणखी काटेकोरपणे पाळावी लागेल. लॉरी निघण्यापूर्वी पुरवठादाराकडून फोन घ्या आणि तिला वेळ द्या. दहा टनांची लॉरी म्हणजे पन्नास किलोची दोनशे पोती. ती उतरवायला तुमच्या टोळीला किती वेळ लागतो हे एकदा घड्याळ लावून पाहा, म्हणजे दुपारभरात किती लॉऱ्या खाली होऊ शकतात हे आपोआप कळेल. वेळ न घेता आलेली लॉरी बाहेर थांबेल. पहिल्या आठवड्यात वाद होतील आणि थांबण्याचे भाडेही क्वचित द्यावे लागेल. ते द्या. वाटेत उतरवलेल्या मालामुळे अडकून पडलेला दिवस त्याहून कितीतरी महाग पडतो. उतरलेला माल मोजून, पावतीशी ताडून आणि फळ्यावर लिहूनच खणात जावा. ‘नंतर मोजू’ म्हणून ठेवलेला माल सीझनमध्ये कधीच मोजला जात नाही.

जावकीसाठी आदल्या दिवशीची वेळ ठरवून दुकानदारांना आतापासून सांगत राहा. दुपारी चारपर्यंत आलेली मागणी दुसऱ्या दिवशी सकाळी निघेल, चारनंतरची त्याच्या पुढच्या दिवशी. तुमच्या विक्रेत्यांना हे रुचणार नाही, प्रत्येकाचे गिऱ्हाईक तातडीचे असते. तरीही हा नियम मालकाच्या घरातून मोडला जाऊ नये, कारण तुम्ही एकदा मोडलात की मुकादम तो पुन्हा मानणार नाहीत. संध्याकाळी पुढच्या दिवसाचा माल काढावा आणि दाराजवळ जमिनीवर आखलेल्या चौकटींत लावावा. एका गाडीला एक चौकट. चौकटीत दुकानागणिक वेगळी रास, सर्वांत वरच्या पोत्यावर त्या दुकानाची चिठ्ठी खोचलेली, आणि दोन राशींमध्ये पाऊल मावेल एवढी मोकळी जागा. सकाळी भरताना तपासनीस चिठ्ठीवरचे नाव आणि माल मोठ्याने वाचेल, हमाल नग मोजून सांगेल, आणि दोन्ही जुळल्यावर चिठ्ठीवर तपासनिसाची सही होऊन मगच ती रास गाडीत चढेल. जो भरतो त्यानेच मोजायचे नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. भरण्याचा क्रम उतरण्याच्या क्रमाच्या उलट असावा. खानापूरमार्गे लोंढ्याला जाणाऱ्या गाडीत लोंढ्याचा माल आधी आत जाईल आणि खानापूरचा शेवटी दाराशी येईल. नाहीतर खानापूरच्या बाजारात भर रस्त्यात अर्धी गाडी खाली करून पुन्हा भरावी लागते.

चंदगड आणि गडहिंग्लजची गाडी राज्याची हद्द ओलांडते, म्हणून तिच्या कागदांकडे अधिक लक्ष द्या. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालचा वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते २०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला एक दिवस चालते, त्यामुळे शिनोळीमार्गे जाणाऱ्या गाडीला मुदतीची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती गाडी बदलल्यावर. ऐन वेळी ठरलेला टेम्पो बंद पडतो, दुसरा बोलावला जातो, माल चढतो आणि पार्ट-बीमध्ये, म्हणजे बिलातल्या गाडीच्या तपशिलाच्या भागात, जुन्याच गाडीचा नंबर राहतो. तपासणीत असे आढळले तर गाडी अडवली जाऊ शकते आणि मालावरील कराच्या दुप्पट दंडापर्यंत प्रकरण जाऊ शकते. म्हणून गाडी सोडणाऱ्या माणसाने नंबरपाटी पाहून बिलावरचा नंबर वाचल्याशिवाय फाटक उघडू नये. गोव्याच्या मालाला चोर्ला घाटासाठी एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा, पावसात तिथे वेळ सांगता येत नाही. शहरातले अडचणीचे दिवसही आधी खूण करून ठेवा. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि तोवर पेठेतून माल हलत नाही. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकांमुळे चन्नम्मा चौकाच्या बाजूचे रस्ते अडतात, आणि यंदा हा दिवस लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आधीच्या रविवारी आला आहे. तो दिवस जावकीचा धरू नका, मोजणीचा धरा.

भांडणांविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, परंतु मला ते महत्त्वाचे वाटते. पोत्यामागे हमाली ठरलेली असेल तर हमालाला वेगाचेच पैसे मिळतात. मग खण शोधून नीट थप्पी लावण्यात गेलेला वेळ त्याच्या खिशातून जातो आणि दिवाणजी ओरडले की त्याला अन्याय झाल्यासारखे वाटते. तो अन्यायच आहे. या दोन महिन्यांसाठी पोत्यामागच्या दरासोबत हजेरीचा काही भाग जोडा आणि चुकीशिवाय गेलेल्या गाड्यांवर टोळीला मिळून बक्षीस द्या. पगारी नोकरांना जादा तासांचे वेतन दुप्पट दराने द्यावे लागते, कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात तशी तरतूद आहे. ते दिवाळीच्या बोनसमध्ये मिसळून टाकू नका. पॅलेट ट्रॉली दोन असतील तर चार करा. दिवसभर पन्नास किलोची पोती पाठीवर वाहणाऱ्या माणसाच्या मानेकडे आणि गुडघ्यांकडे मालकाने पाहिले पाहिजे, आणि चुकाही दमलेल्या माणसाकडूनच संध्याकाळी होतात. पिण्याचे पाणी, चहा, जेवायला सावलीची जागा आणि थप्पींवर पुरेसा उजेड या गोष्टी खर्चाच्या यादीत सर्वांत वर ठेवा. विजेच्या बोर्डासमोर आणि आग विझवण्याच्या नळकांड्यांसमोर माल लावू देऊ नका, आणि ओळखीतल्या कोणी ‘चार दिवस फटाक्यांची खोकी ठेवू द्या’ म्हटले तर स्पष्ट नकार द्या.

मोजणी सीझनमध्ये बंद करू नये. सगळे गोदाम मोजायला वेळ नसतो, परंतु रोज सकाळी गाड्या निघाल्यावर सर्वाधिक खपाच्या आठ-दहा वस्तू मोजून वहीशी ताडायला एका माणसाला तासभर पुरतो. फरक त्याच दिवशी दिसला तर कालच्या गाड्यांत शोधता येतो. महिन्याने दिसला तर तो कोणाच्या तरी नावावर टाकावा लागतो आणि तिथून पुन्हा भांडण सुरू होते. परत आलेला आणि फुटलेला माल वेगळ्या खणात, तारीख लिहून ठेवा, तो चांगल्या मालात मिसळू देऊ नका.

राहता राहिले वडील आणि संगणक. वडिलांना नियम पटवून देत बसू नका. आषाढात काम थोडे सैल असते, त्या काळात एका दुपारी त्यांना आणि मुकादमांना गोदामात फिरवा आणि कोणता माल कुठे असावा हे त्यांच्याकडूनच सांगून घ्या. तुम्ही फक्त लिहा आणि त्याप्रमाणे खांब रंगवा. इतकी वर्षे त्यांच्या डोक्यात असलेली मांडणी भिंतीवर आली तर ते तिचा मान ठेवतील, आणि हात चालावे लागतात हे त्यांचे म्हणणेही त्यातून पाळले जाईल. चतुर्थीची गर्दी हीच तुमची चाचणी समजा. तिच्यात जे जमले नाही ते दसऱ्यापूर्वी बदलायला वेळ आहे. संगणकप्रणाली यंदा दिवाळीच्या आधी घेऊ नका. पत्ते ठरलेले नसताना ती घेतली तर चुकीच्या जागा अधिक वेगाने लिहिल्या जातील आणि ऐन गर्दीत दिवाणजींना नवे काम शिकावे लागेल. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालाल तेव्हा दोन महिन्यांची रोजची मोजणी, खणांची यादी आणि गाड्यांच्या सह्या केलेल्या चिठ्ठ्या तुमच्या हाताशी असतील. प्रणाली विकायला येणाऱ्या माणसासमोर त्या ठेवा आणि ही माहिती तो कशी भरून घेणार ते आधी विचारा.